चिबडाची तवसोळी

"आई, मला चिबूड चावला."

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, भरल्या पंगतीत, माझ्या मुलीने हे मोठ्यांदा सांगितलं आणि सगळी पंगत हसली. ती तेव्हा तिसरीत होती. तिच्या ताटलीत चिबडाच्या फोडी होत्या, वर गूळ आणि नारळाचा रस. चिबूड म्हणजे आमच्याकडचं पावसाळी खरबूजच. चवथीच्या सुमारास पिकतो, आपोआप उकलतो आणि घरभर वास सोडतो. मुळगावला आमच्या घरामागच्या चढावर सासूबाई दर पावसात चिबूड, तवशी, दोडकी आणि भेंडी लावतात. मुलगी रांगायला लागल्यापासून त्या वेलांमध्ये वाढलेली. चिबूड फुटला की पहिली फोड तिची, हे घरात ठरलेलंच होतं. आणि आता तीच ताटली सारून जिभेवरून बोट फिरवत बसली होती.

"देठाकडलो काप खाल्लो आसतलो तिणें," सासूबाई म्हणाल्या. "कडू लागलो, आनी कितें!"

"कडू नाही, आजी. खाज येते. ओठाला, जिभेला, वर टाळ्याला. आणि कानातपण."

"कानांत?" सासूबाईंनी हात कपाळाला लावला. "चिबूड खाल्लो तोंडान आनी खाजता कान? नाटकां सगळीं!"

पुन्हा हशा झाला. मुलीने पाण्याने चुळा भरल्या, थोड्या वेळाने खाज गेली आणि ती फुगे फोडायला बाहेर पळाली. मीही विसरले असते. पण तिचा तो कान खाजवण्याचा प्रकार मला काही केल्या सुटेना. नाटक करणारं मूल पोट दुखतं म्हणेल, डोकं दुखतं म्हणेल. कान कोण सांगेल?

मला असल्या गोष्टींचा नाद आहे, हे आधीच सांगते. शब्दकोडं असो की शिलाई मशीनचा अडकलेला दोरा, ते उलगडेपर्यंत मला चैन पडत नाही. माझं माहेर दोडामार्गाकडचं. वडील खाणीच्या ट्रकवर होते, म्हणून आम्ही इकडे डिचोलीच्या बाजूला येत-जात राहिलो आणि इथलाच ट्रक चालवणारा नवरा मिळाला. खाणी बंद पडल्यावर तो शाळेची बस चालवायला लागला आणि मी तुयेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगला जायला लागले. त्या कंपनीच्या बसमध्ये, अस्नोड्यापासून तुयेपर्यंत, मला विचार करायला भरपूर वेळ मिळे. आणि त्या आठवड्यात माझ्या डोक्यात एकच विषय होता: चिबूड कसा चावतो?

औषधाची फवारणी? आमच्या वेलांवर सासूबाई राखेशिवाय काही टाकत नाहीत. गूळ? मुलगी गुळाचा खडा रोज तोंडात टाकते. नारळ? नारळाशिवाय आमच्याकडे एक जेवण होत नाही. मग मला आठवलं की मे महिन्यात आम्ही हरमलला नणंदेकडे गेलो होतो. तिच्या घराच्या मागच्या खोल्या पर्यटकांना भाड्याने असतात आणि पुढच्या अंगाला समुद्र. तिथे मुलांना कलिंगड कापून दिलं होतं आणि माझ्या बाईसाहेबांनी दोन घास खाऊन बाकीचं भावंडांना वाटून टाकलं होतं. "तोंडात मुंग्या चालतात," असं काहीतरी ती म्हणाली होती. आम्हाला वाटलं, वाळू गेली असेल.

मी संध्याकाळी घरी आल्या आल्या तिला विचारलं, "तवसं खाल्लंस की कसं वाटतं गं?"

तवसं म्हणजे आमची ती मोठी, जाड काकडी.

"तेच," ती म्हणाली. "पण चिबडाएवढं नाही. तवसं हळू चावतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं सगळ्यांनाच चावतं."

मी तिथेच पायरीवर बसले. केवढं साधं उत्तर! मिरची सगळ्यांना तिखट लागते तसं तवसं सगळ्यांना खाजतं, अशी तिची समजूत होती. आम्ही कुरकुरीत फोडी कराकरा खातो ते तिला आमचं धाडस वाटत असणार.

आता माझ्या हाती तीन गोष्टी आल्या होत्या, चिबूड, कलिंगड आणि तवसं. सगळे वेलावरचे, एका कुळातले! मला इतका आनंद झाला की मी तो सासूबाईंना सांगायला मागीलदारी धावले. त्या दुधी चिरत होत्या. माझं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मगे दुदी खंयचो? झाडावयलो? भोपळो खंयचो? ताची भाजी खाता मगो ती, घसघशीत!"

झालं. माझं कोडं पुन्हा अडकलं. दुधी वेलाचा, भोपळा वेलाचा, दोन्ही ती मागून मागून खायची.

ते सुटलं तवसोळी करताना. तवसोळी म्हणजे किसलेली तवशी, गूळ, नारळ आणि रवा घालून, झाकणावर निखारे ठेवून भाजलेला गोड केक. माझ्या माहेरी आम्ही त्याला धोंडस म्हणतो. त्यावरून सासूबाईंचं आणि माझं लग्नापासून चाललंय, नाव कोणाचं खरं आणि कोणाची जास्त खमंग. त्या रविवारी मोठी जून तवशी निघाली होती, म्हणून त्यांनी तवसोळीचा घाट घातला. मुलगी किसायला बसली आणि थोड्या वेळाने हात झटकत उठली. तिची बोटं लाल झाली होती. "हातालापण चावतंय," म्हणाली. मी तिचे हात धुतले आणि किसणी माझ्याकडे घेतली.

तासाभराने तीच मुलगी टोपाच्या बुडाची खरपूड खरवडत होती. एक तुकडा झाला, दुसरा झाला. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"खाजतंय?"

"नाही."

"ओठ? कान?"

"नाही गं आई! काय झालं?"

सासूबाई विजयाने म्हणाल्या, "बघ! तवसोळयेंत तवसां न्हय तर कितें आसा? नाटकां म्हणटां तीं हीं."

आणि मला एकदम उलटं दिसलं. नाटक असतं तर तिने तवसोळीही नाकारली असती, कारण आत काय आहे ते तिला ठाऊक होतं, तिने स्वतः किसलं होतं. कच्चं तवसं हाताला खाजतं, तेच तवसं भाजल्यावर तोंडालाही खाजत नाही. दुधी आपण कच्चा कुठे खातो? भोपळा कच्चा कुठे खातो? चुलीवर गेलं की चावणं जातं! मी ओरडलेच असेन, कारण शेजारची बाई जनेलातून डोकावली. मी नवऱ्याला फोन लावला. तो खेळाडूंना घेऊन पेडण्याला गेला होता. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा तो घाबरून म्हणाला, "काय झालं? कोण पडलं?"

"कोणी नाही! तवसं शिजवलं की चावत नाही!"

पलीकडून "बरं," एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून मुलीला डिचोलीच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. ते वयस्कर आहेत, फार बोलत नाहीत. मी एका दमात चिबूड, कलिंगड, तवसं, तवसोळी सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच विचारलं, "हिला शिंका येतात?"

"या दिवसांत फार. पाऊस ओसरला की सुरू होतात त्या दिवाळीपर्यंत. सकाळी डोळे चोळतच उठते, मग गोळी द्यावी लागते."

"खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात? उलटी होते? श्वास लागतो? घसा आवळल्यासारखा होतो?"

प्रत्येक प्रश्नाला मुलगी मान हलवून नाही म्हणत होती. डॉक्टर हसले. "अर्धं तुम्ही शोधून काढलंय. उरलेलं अर्धं शोधणाऱ्या डॉक्टर म्हापशाला बसतात. त्यांच्याकडे जा. आणि तोपर्यंत कच्चं चिबूड, कलिंगड, तवसं बंद. घरी थोडं थोडं खाऊन बघायचे प्रयोग करायचे नाहीत. कितीही उत्साह असला तरी." शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं.

म्हापशाच्या अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीने दोन गोष्टी सांगितल्या. शिंकांचं औषध तपासणीच्या आधी काही दिवस बंद ठेवायचं, नाहीतर तपासणी खोटं सांगते. आणि ज्या फळांचा संशय आहे ती ताजी, कच्ची, घेऊन यायची.

"फळं? दवाखान्यात?"

"हो. बाटलीतल्या अर्कापेक्षा ताजं फळ खरं सांगतं."

ते औषधाशिवायचे दिवस फार वाईट गेले. घराभोवती गवत कंबरेएवढं, सगळं फुलोऱ्यावर, खालच्या शेतात भात निसवलेलं, आणि मुलगी एकामागून एक शिंका देत फिरते आहे. पण फळांची पिशवी भरायची म्हणजे तिला सणच वाटला. चिबूड तर हवाच. तवसं. बाजारातून कलिंगडाची फोड. केळं घ्यायचं का? टोमॅटो? ती स्वतः एकेक वस्तू पिशवीत ठेवत होती आणि परत काढत होती. सगळ्यात शेवटी तिने काजूगराची पुडी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे काजूशिवाय कुठला गोड पदार्थ होतो? आणि काजू निघाला तर?

सासूबाई म्हणाल्या, "हांवय येतां. बघतां ती दोतोर कितें सांगता." हेतू सरळ होता. सगळं नाटक आहे हे डॉक्टरच्याच तोंडून त्यांना ऐकायचं होतं. त्यांनी चिबूड पिशवीत ठेवू दिला नाही, दबेल म्हणून. तो मांडीवर घेऊन त्या म्हापशाच्या बसमध्ये बसल्या.

मुळगावच्या नाक्यावर बस भरलेलीच येते. अस्नोडा येईस्तोवर उकाड्याने चिबूड उकलायला लागला आणि वास बसभर पसरला. पुढच्या सीटवरची बाई मागे वळली. "विकूंक व्हरतां? कसो दिलो?"

"विकूंक न्हय," सासूबाई म्हणाल्या. "दोतोराक दाखवंक."

"चिबूड? कितें जालां ताका?"

सगळी बस हसली. कंडक्टरने चिबडाचं तिकीट मागितलं. मुलगी तर इतकी हसली की शिंका आणि हसू एकत्र होऊन तिला उचकी लागली. मला आठवतं, मी त्या बसमध्ये बसून विचार करत होते की दवाखान्यात जाताना इतकी मजा मला कधी वाटली नव्हती.

डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. आमची पिशवी टेबलावर रिकामी झाली तशा त्या खूश झाल्या. "असे पेशंट हवेत!" म्हणाल्या. त्यांनी मुलीच्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, पेनाने खुणा केल्या. काही खुणांवर बाटल्यांतले थेंब टाकले. गवताचा पराग, रानातल्या झुडपांचा पराग, धुळीतला किडा. मग सुईसारख्या बारीक टोकाने प्रत्येक थेंबात टोचलं. चिबडाच्या वेळी त्यांनी नवं टोक आधी चिबडाच्या फोडीत रुतवलं आणि मग हातावर टेकवलं. तवसं तसंच, कलिंगड तसंच, केळं, टोमॅटो आणि शेवटी पाण्यात भिजवलेला काजू.

"दुखलं?"

"मच्छर चावल्यासारखं," मुलगी म्हणाली. "आता काय होणार?"

"आता हात हलवायचा नाही, खाजवायचा नाही. आणि बघत बसायचं."

आम्ही तिघी त्या हातावर वाकलो. आधी काहीच नाही. मग गवताच्या परागाखाली लाल ठिपका आला. ठिपका फुगला. कडा वर आल्या, मध्ये पांढरट गांध. मुलगी श्वास रोखून बघत होती. "आई, वाढतोय! बघ, वाढतोय!" तिला खाज येत होती, पण तिचा चेहरा जादूचे प्रयोग बघणाऱ्यासारखा झाला होता. त्यानंतर चिबूड. चिबडाची गांध सावकाश उठली, पण उठली. तवशाची तिच्याहून लहान. कलिंगडाची होती. केळ्याखाली काही नाही, टोमॅटोखाली पुसटसा लालसर डाग, पण गांध नाही. काजूच्या खुणेकडे मी बघायचं टाळत होते.

"काजू सपाट," मुलगीच म्हणाली. "आई, काजू सपाट आहे! काहीच नाही!"

डॉक्टरांनी पट्टी लावून सगळ्या गांधी मोजल्या, काजूवर दोनदा बोट फिरवलं, आत्तापर्यंत काजू खाऊन काही झालं आहे का ते पुन्हा विचारलं, आणि म्हणाल्या, "काजू खुशाल चालू ठेवा." मी मोठ्याने हुश्श केलं.

सासूबाई अजून चिबडाच्या गांधीकडे बघत होत्या. त्यांनी चष्मा पुसला, परत बघितलं. मग नातीचा हात हळूच आपल्या हातात घेतला. "आगे बाय," त्या म्हणाल्या, "हो खरोच चावता गो तुका." आणि त्यांचे डोळे भरून आले. नातीने दुसऱ्या हाताने त्यांच्या पाठीवर थोपटलं.

डॉक्टरांनी सगळं मुलीलाच समजावलं, आम्ही ऐकत होतो.

"तुझ्या अंगात पहारेकरी आहेत. बाहेरून चोर आला की ते त्याला हाकलतात. तुझे पहारेकरी जरा जास्त तापट आहेत. गवताचा पराग नाकात गेला की त्यांना तो चोर वाटतो. म्हणून शिंका. आता चिबडात, तवशात, कलिंगडात असं काहीतरी असतं जे त्या परागासारखं दिसतं. तुझा पहारेकरी तोंडाच्या दारातच ओरडतो, चोर आला, चोर आला!"

"ते जुळे भाऊ आहेत? पराग आणि चिबूड?"

"जुळे नाही. चुलत भाऊ म्हण. चेहरेपट्टी सारखी."

"आणि तवसोळी?"

"शिजवल्यावर त्याचा चेहरा बदलतो. पहारेकरी ओळखत नाही. पोटात गेल्यावरही बहुतेक वेळा तो विरघळून जातो, म्हणून तुझा त्रास तोंडापुरता राहतो."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पायरीवर, बसमध्ये, चुलीपाशी इतके दिवस जे घोळत होतं त्याला आता नाव होतं, कारण होतं, आणि ते कारण इतकं देखणं होतं!

मुलगी मात्र अजून विचार करत होती. "भातपण गवतच आहे ना? आमच्या बाईंनी सांगितलंय."

"हो, गवतच."

सासूबाई दचकल्या. "म्हणजे भातय सोडूंचो?"

डॉक्टर हसू आवरत म्हणाल्या, "नाही हो आजी. भाताच्या फुलोऱ्याने शिंका येतील. पण शिजवलेला भात ती पोटभर खाईल." सासूबाईंनी देवाला हात जोडले.

मग डॉक्टर गंभीर झाल्या आणि हे त्यांनी मला डोळ्यात बघून सांगितलं. कच्चं खाल्लं गेलं तर थुंकायचं, चूळ भरायची, लिहून दिलेलं औषध द्यायचं आणि मुलीला नजरेसमोर ठेवायचं. पण घसा आवळला, आवाज बसला, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या, एकसारख्या उलट्या झाल्या किंवा चक्कर आली, तर घरी वाट बघायची नाही, सरळ इस्पितळ. असं क्वचितच होतं, पण होऊ शकतं. शिंका जोरात असतील त्या दिवसांत तोंडही जास्त खाजेल. आणि शिजवलं की चालतं हा नियम सगळ्या गोष्टींना लावायचा नाही. शेंगदाणा, सुका मेवा यांचं तसं नसतं, ते भाजले तरी धोका तोच राहू शकतो. दुसऱ्या एखाद्या मुलाच्या तोंडाला खाज आली तर त्यालाही तुमचाच नियम सांगू नका, डॉक्टरांकडे पाठवा.

"आणि चिबूड?" मुलीने विचारलं. आवाज बारीक झाला होता. "चिबूड कोणी शिजवत नाही. म्हणजे मला कधीच नाही?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कोणी शिजवत नाही म्हणून काय झालं? आजी आहेत ना. नीट आतपर्यंत शिजेल असं काहीतरी करा. पण चाखून बघायचं ते इथे, माझ्यासमोर. नाकातला फवारा सुरू करा, शिंका जरा बसू द्या, मग या."

घरी येईपर्यंत सासूबाई पार बदलल्या होत्या. बसमध्ये चिबडाची उरलेली फोड मांडीवर ठेवून त्या ती बोटाने दाबून बघत होत्या. अस्नोड्याला बस थांबली तशा एकदम म्हणाल्या, "तवसोळयेभाशेन केल्यार? पूण उदक खूब सुटतलें."

चिबूड तवशापेक्षा फार मऊ, फार पाणीदार. पहिल्या खेपेला निखाऱ्यांसकट झाकण काढलं तेव्हा टोपात गोड लापशी होती. रवा जास्त घातला तर ती विटेसारखी झाली. नवरा जेवायला बसला की त्याच्या ताटात रोज काहीतरी नवीन पडे आणि तो निमूट खाई, कारण चाखायला मुलीला मनाई होती आणि आम्हाला कोणीतरी हवंच होतं. सासूबाईंनी मग चिबूड किसून, फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवला. पाणी गळून गेलं. रवा आधी तुपावर भाजला. माझ्या माहेरच्या धोंडसात जसा घालतात तसा गुळाचा घट्ट पाक केला, आणि हळदीच्या पानावर मिश्रण ओतलं. ते उघडलं तेव्हा नवरा चुलीपाशी येऊन उभा राहिला, कोणी न बोलावता.

"जमलं," तो म्हणाला आणि दुसरा तुकडा मागितला.

हंगाम संपत आला होता. वेलावर शेवटचे चिबूड राहिले होते. शिंका बऱ्याच बसल्या होत्या. डॉक्टरांनी बोलावलं त्या सकाळी सासूबाईंनी चुलीवर ताजी तवसोळी केली, गरम डबा फडक्यात गुंडाळला, आणि या वेळी नवऱ्यानेही रजा काढली.

दवाखान्यातली ती सकाळ मी जन्मात विसरणार नाही. औषधं, इंजेक्शन, सगळं बाजूला तयार ठेवलेलं होतं. आधी डॉक्टरांनी तवसोळीच्या वडीचा एक कण मुलीच्या ओठाच्या आत लावला. थांबायचं. ती पाय हलवत बसली. "काही?" "नाही." मग हरभऱ्याएवढा तुकडा. पुन्हा थांबायचं. नवरा भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होता, सासूबाईंचे ओठ देवाचं काहीतरी पुटपुटत होते, मी नखं खात होते. बाहेर बाकावर बसलेल्या बायकांना सुगावा लागला होता. दार उघडलं की डोकी आत वळायची.

"कान?" मी विचारलं.

"आई, तू मध्ये विचारू नकोस," मुलगी म्हणाली. "मी लक्ष देतेय."

मग मोठा तुकडा. ती अगदी हळू चावत होती, डोळे मिटून, जिभेने प्रत्येक कोपरा तपासत. घोट गिळला. पुन्हा वाट बघितली. डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारली, छाती तपासली, हात-पाठ बघितली. मुलीने डोळे उघडले आणि कोणी विचारायच्या आत म्हणाली, "चिबडाचा वास येतोय. चावत नाहीये!"

सासूबाईंनी तिचं तोंडच धरलं दोन्ही हातांत. नवरा हसत हसत उगाच खिशातून रुमाल काढून घाम पुसायला लागला. मी काय केलं आठवत नाही. नवरा म्हणतो की मी डॉक्टरांना मिठी मारली. डॉक्टरांनी आम्हाला लगेच सोडलं नाही. काही तास बसवून ठेवलं, मधून मधून येऊन तपासलं. तोवर डब्यातल्या बाकीच्या वड्या फिरल्या. नर्सने खाल्ली, डॉक्टरांनी दोन खाल्ल्या, बाकावरच्या बायकांना मात्र सासूबाई देण्याआधी विचारत होत्या, "तुमकां चिबडान कितें जायना मगो?" डॉक्टर ते ऐकून म्हणाल्या, "आजी, तुम्ही इथेच कामाला या."

मुलगी आता सहावीत आहे. पाऊस कमी होण्याच्या आधीच आम्ही नाकातला फवारा सुरू करतो. शाळेच्या बाईंना सगळं सांगून ठेवलंय, औषध दप्तरात असतं. नवऱ्याने आपल्या बसमध्ये नियम केला आहे की विचारल्याशिवाय कोणी कोणाच्या तोंडात घास घालायचा नाही. एकदा मैत्रिणीच्या डब्यातल्या सँडविचमध्ये काकडीची चकती निघाली. मुलीने ती थुंकली, चूळ भरली, बाईंना सांगितलं, औषध घेतलं आणि बाईंच्या टेबलाशेजारी बसून राहिली. मला फोन आला तोवर ती गणितं सोडवत होती. डॉक्टर म्हणतात, वयाप्रमाणे हे बदलू शकतं, कमी होईल किंवा आणखी एखादं फळ यादीत येईल. आम्ही दर वर्षी जाऊन दाखवून येतो.

या चवथीला आमच्याकडे पाहुणे बरेच होते. मुलीने पंगतीत स्वतः वाढप केलं. चिबडाच्या फोडी चमच्याने वाढल्या, हात धुतले, आणि तिची तवसोळी मागायला आलेल्या चुलत भावंडांना थोडी थोडी दिली. थोडीच, सगळी नाही. उरलेली संपवून तोंड पुसलं आणि अंगणात पळाली, कारण बायकांनी फुगडीला कडं धरलं होतं. मी आत भांडी आवरत होते. इतक्यात ती परत धावत आली, ओल्याच हाताने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "आई, एक माणूस कमी पडतंय, चल लवकर!" मी पदर खोचला आणि गेले.